वर्डस्टारमध्ये प्रपोर्शनल छपाई: फॉन्ट प्रिंटरचा, हिशेब प्रोग्रामचा

तुमची अडचण थोडक्यात अशी: वर्डस्टार ४ (डॉसवरचा जुना वर्ड प्रोसेसर) मध्ये इंग्रजी मजकूर टाइप केला, लेझरजेट प्रिंटरला प्रपोर्शनल, म्हणजे प्रत्येक अक्षराला वेगळी रुंदी देणारा, टाइम्स फॉन्ट लावला, अक्षरं देखणी उमटली. पण उजवी कड वेडीवाकडी आली, मध्यभागी ठेवलेलं शीर्षक डावीकडे सरकलं आणि आकड्यांच्या तक्त्यातले रकाने एकमेकांत घुसले. तेच पान सगळ्या अक्षरांना सारखी रुंदी देणाऱ्या कुरियरमध्ये मात्र व्यवस्थित येतं. मग दोष प्रिंटरचा की वर्डस्टारचा, असा तुमचा प्रश्न आहे.

दोष दोघांचाही नाही. दोघांना एकमेकांची खबर नाही, एवढंच. प्रिंटरला ‘हा फॉन्ट लाव’ सांगणं हा दोन मिनिटांचा मामला आहे. प्रत्येक अक्षर किती जागा खातं हे वर्डस्टारला सांगणं, हे खरं काम. बहुतेक जण पहिलं करून थांबतात आणि दुसरं आपोआप होईल असं धरून चालतात.

(खाली सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, कीबोर्डवर अर्थातच रोमन अक्षरं दाबायची.)

आधी आकडे बघू, म्हणजे गोंधळ किती मोठा आहे ते कळेल. १२ पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग) कुरियरमध्ये प्रत्येक अक्षर इंचाचा दहावा भाग घेतं. म्हणजे ‘लिटल’ आणि ‘कॉमन’ हे दोन्ही सहा अक्षरी इंग्रजी शब्द ०.६ इंचाचे. टाइम्समध्ये रुंदी फॉन्टच्या आकाराच्या (इथे १२ पॉइंटच्या) हजाराव्या भागात मोजतात: आय, जे, एल, टी प्रत्येकी २७८, ई ४४४, ओ आणि एन ५००, एम ७७८. बेरीज केली तर १२ पॉइंटला ‘लिटल’ भरतो जेमतेम ०.३१ इंच आणि ‘कॉमन’ ०.५८ इंच. अक्षरं सहाच, पण एक शब्द दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि स्पेस? ती २५०, म्हणजे ३ पॉइंट, इंचाचा चोविसावा भाग. कुरियरमधल्या स्पेसच्या निम्म्याहूनही कमी.

आता वर्डस्टार काय करतो ते बघा. जस्टिफिकेशन (दोन्ही कडा सरळ करणं) चालू असताना ओळ ६५ रकान्यांपर्यंत ताणण्यासाठी तो शब्दांच्या मध्ये जास्तीच्या ‘सॉफ्ट’ स्पेस घालतो आणि त्या कुठे घातल्या याच्या खुणा फाइलमध्येच ठेवतो. वर्डस्टारची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली की शब्दांची शेवटची अक्षरं चमत्कारिक दिसतात, ती अशाच खुणांमुळे. त्याचा सगळा हिशेब रकान्यांचा आहे. प्रिंटर मात्र ती ओळ स्वतःच्या रुंदीने छापतो. ज्या ओळीत आय-एल-टी जास्त ती आखूड पडते, एम-डब्ल्यू जास्त ती लांबते. तुमची वेडीवाकडी कड ती हीच.

शीर्षकाचंही तेच. २५ अक्षरांचं शीर्षक कंट्रोल-ओ-सी ने मध्यभागी घेतलं की वर्डस्टार त्याच्या आधी २० स्पेस टाकतो. कुरियरमध्ये त्या २ इंच होतात, टाइम्समध्ये ०.८३ इंच. शीर्षक त्याच्या खऱ्या जागेपासून दीडेक इंच डावीकडे जातं, तेवढंच ते गेलंय.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या प्रोग्राम-प्रिंटरच्या जोडीत प्रत्येक अक्षरानंतर पुढे किती सरकायचं हे ठरवतं कोण? डायब्लो ६३० सारख्या डेझीव्हील प्रिंटरमध्ये (यात अक्षरं एका फिरत्या चकतीवर असतात) हे प्रोग्राम ठरवतो. हातोडा अक्षर उमटवतो आणि गाडा इंचाच्या १२० व्या भागांत हवा तेवढा सरकवता येतो. लेझर आणि डॉट मॅट्रिक्सच्या प्रपोर्शनल मोडमध्ये प्रिंटर स्वतःच्या रुंद्यांच्या कोष्टकाप्रमाणे सरकतो. प्रोग्रामने फार तर शब्दांमधली जागा कमीजास्त करायची. यावरून छापलेला कागद बघूनच निदान होतं. कड सुतासारखी सरळ, पण अक्षरं कुठे एकमेकांवर चढलेली तर कुठे फटफटीत, असं असेल तर ते डेझीव्हीलचं लक्षण: प्रोग्रामकडचं कोष्टक चढवलेल्या चकतीचं नाही. अक्षरं सुंदर बसलेली, पण कड दातेरी, असं असेल तर ते लेझरचं लक्षण: प्रोग्रामकडचं कोष्टक चालू फॉन्टचं नाही, किंवा कोष्टकच नाही. तुमचा प्रकार दुसरा.

सुरुवात वर्डस्टारच्या बाहेरून करा. डॉसवरच्या जीडब्ल्यू-बेसिक या भाषेतून एलप्रिंट आज्ञेने कोड पाठवून प्रिंटर खरोखर प्रपोर्शनल छापतो का ते बघा. त्याआधी एलपीटी-१ ची (प्रिंटरच्या पोर्टची) विड्थ २५५ करून घ्या, नाहीतर बेसिक ८० अक्षरांनंतर स्वतःच ओळ तोडतं आणि तुम्ही प्रिंटरला दोष देत बसता. एप्सन एफएक्स-८० घराण्यात प्रपोर्शनल चालू करायला २७, ११२, १ हे तीन बाइट पुरतात. बंद करायला शेवटी ०. लेझरजेटला २७, ४०, ११५, ४९, ८० पाठवायचे, म्हणजे एस्केप, डावा कंस, छोटा एस, आकडा १, मोठा पी. शेवटचं अक्षर मोठं असणं महत्त्वाचं आहे. पीसीएलमध्ये, म्हणजे लेझरजेटच्या आज्ञाभाषेत, अनेक आज्ञा एकाच साखळीत जोडता येतात. मधली अक्षरं छोटी आणि मोठं अक्षर आलं की साखळी संपली. शेवटचं अक्षर चुकून छोटं राहिलं तर प्रिंटर पुढचा मजकूरही आज्ञा समजून गिळायला लागतो, आणि ओळीची सुरुवातीची अक्षरं गायब होतात. असं दिसलं की आधी तिथे बघा.

लेझरजेटमध्ये आणखी एक मेख आहे, आणि ‘टाइम्स मागितला, कुरियर आला’ या तक्रारीमागे बहुधा तीच असते. फॉन्ट निवडताना प्रिंटर तुमच्या मागण्या ठरलेल्या क्रमाने तपासतो: आधी सिम्बॉल सेट (कोणत्या कोडला कोणतं चिन्ह), मग स्थिर रुंदी की प्रपोर्शनल, मग पिच (इंचाला किती अक्षरं), उंची, तिरपेपणा, जाडी आणि अगदी शेवटी टाइपफेस. तुम्ही टाइपफेस ५ म्हणजे टाइम्स रोमन मागितला, पण रुंदी ‘स्थिर’ ठेवली, तर वरच्या पायरीवरच टाइम्स बाद होतो. सिम्बॉल सेट असा मागितला की जो त्या टाइम्समध्ये नाहीच, तरी तेच. म्हणून टाइपफेस एकटा मागू नका, सगळी साखळी द्या.

आणि फॉन्ट मुळात प्रिंटरमध्ये आहे का, हे स्वचाचणीच्या फॉन्ट यादीत बघून घ्या. १९८४ च्या पहिल्या लेझरजेटमध्ये आणि १९८७ च्या लेझरजेट २ मध्येसुद्धा अंगभूत फॉन्ट कुरियरसारखे स्थिर रुंदीचेच होते. प्रपोर्शनल हवा तर फॉन्ट कार्ट्रिज खोचायची. डिस्कवरून सॉफ्ट फॉन्ट चढवायची सोय लेझरजेट प्लसपासून आली, पहिल्या मॉडेलमध्ये ती नाही. सीजी टाइम्स आणि युनिव्हर्स प्रिंटरच्या पोटातच मिळाले ते १९९० च्या लेझरजेट ३ मध्ये, पीसीएल ५ सोबत.

आता वर्डस्टारकडे वळू. इथे तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे यावर सगळं अवलंबून आहे.

३.३ असेल तर प्रपोर्शनल आणि सरळ उजवी कड या दोन्हींचा हट्ट सोडा. लोक डॉट-सी-डब्ल्यू ने (ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन लिहायच्या आज्ञांपैकी एक) खेळत बसतात. ही आज्ञा अक्षराची रुंदी इंचाच्या १२० व्या भागांत ठरवते. १२ म्हणजे पायका (इंचाला १० अक्षरं), १० म्हणजे एलिट (इंचाला १२). ती ९ किंवा ८ केली की काम होईल असं वाटतं, पण तुम्ही सगळ्या अक्षरांना एकच सरासरी रुंदी दिली, इतकंच झालं. कड दातेरीच राहते, फक्त दाते जागा बदलतात. त्यापेक्षा कंट्रोल-ओ-जे ने जस्टिफिकेशन बंद करा, उजवी मार्जिन ६५ वरून ८०-८५ वर न्या आणि सगळे परिच्छेद कंट्रोल-बी ने पुन्हा जुळवा. मार्जिन वाढवायची कारण १२ पॉइंट टाइम्समध्ये साडेसहा इंचांत इंग्रजी मजकुराची नव्वदच्या वर अक्षरं मावतात. ८५ ठेवली तर रुंद अक्षरं जरा जास्त असलेली ओळही सहसा बाहेर जात नाही. उजवीकडे मोकळी सोडलेली कड वाईट दिसते हा निव्वळ गैरसमज आहे. पत्रांसाठी तर मला तीच जास्त आवडते.

४ मध्ये दोन गोष्टी सोप्या झाल्या. एक, कंट्रोल-पी-क्यू सारख्या चार मोकळ्या छपाई-कळांना हवे ते बाइट दस्तऐवजातूनच देता येतात. पहिल्या रकान्यात ‘डॉट-एक्स-क्यू १बी ७० ०१’ (वरचेच २७, ११२, १, पण हेक्समध्ये) लिहिलं की त्यानंतर जिथे कंट्रोल-पी-क्यू येईल तिथे एप्सनचा प्रपोर्शनल मोड चालू होतो. डॉट-एक्स-डब्ल्यू ला ‘१बी ७० ००’ देऊन बंद करायची कळ करा. दुसरी, डॉट-पी-एस ऑन. या आज्ञेवर लोकांचा फार विश्वास असतो. पण ही आज्ञा फॉन्ट बनवत नाही. निवडलेल्या ड्रायव्हरला (वर्डस्टारमधली त्या प्रिंटरची माहिती) रुंद्या माहीत असतील तर त्या वापर, एवढंच ती सांगते. ड्रायव्हर साधा, टाइपरायटर छाप असेल तर डॉट-पी-एस लिहून काहीही फरक पडत नाही. तेव्हा आधी डब्ल्यूएसचेंज हा वर्डस्टारचा सेटिंगचा प्रोग्राम चालवून तुमच्या प्रिंटरचा नेमका ड्रायव्हर निवडलाय का ते बघा. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, तुमच्याकडे फॉन्टचा कोड कळीतून जातोय आणि ड्रायव्हर मात्र जेनेरिक राहिलाय. योग्य ड्रायव्हर लावलात की कळीतून फॉन्ट कोड पाठवणं बंद करा. दोन्ही मार्ग एकत्र ठेवले की प्रिंटर एका फॉन्टमध्ये आणि प्रोग्रामचा हिशेब दुसऱ्यात, ही जुनीच गत पुन्हा होते.

आणि ५ किंवा पुढची आवृत्ती मिळत असेल तर सरळ ती घ्या. तिथे पीआरचेंज या प्रिंटर-सेटिंगच्या प्रोग्राममधून प्रिंटर आणि त्याचे फॉन्ट निवडले की रुंदीच्या कोष्टकांसकट प्रिंटरची व्याख्या-फाइल तयार होते. मजकुरात कंट्रोल-पी आणि बरोबर चिन्ह दाबून फॉन्ट निवडायचा, मार्जिन इंचांत द्यायची, दस्तऐवजाच्या सुरुवातीला जाऊन कंट्रोल-क्यू-यू ने तो सगळा पुन्हा जुळवायचा आणि कंट्रोल-ओ-पी ने पान छापण्याआधी बघायचं. पुन्हा जुळवण्याची पायरी लोक विसरतात. ओळी जुन्या फॉन्टच्या हिशेबाने तुटलेल्याच राहतात आणि नव्या फॉन्टला नावं ठेवली जातात. टायपिंगच्या पडद्यावर ओळी ८० रकान्यांच्या बाहेर जातील, कड वाकडी दिसेल, त्याने बिचकू नका. तो पडदा टेक्स्ट मोडचा आहे, त्याला सगळी अक्षरं सारखीच. खरं रूप प्रिव्ह्यूत.

तुमच्या फॉन्टचं कोष्टक कुठेच मिळत नसेल तर मोजून काढा. ऐकायला भयंकर वाटतं, पण काम अर्ध्या दुपारचं आहे. दोन उभ्या रेघांमध्ये एकच अक्षर ४० वेळा छापा, दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजा. रेघ लागोपाठ दोनदा छापून तिची रुंदी वजा करा आणि ४० ने भागा. टाइम्सचा १२ पॉइंटचा आय ४० वेळा छापला की १.८५ इंच भरतो, एम ५.१९ इंच. पट्टी अर्धा मिलिमीटर चुकली तरी भागाकारात ती चूक विरून जाते. आणि सव्वीस वेळा मोजायचीही गरज नाही. टाइम्सच्या २६ छोट्या अक्षरांत रुंद्या फक्त सात आहेत: बी, डी, जी, एच, के, एन, ओ, पी, क्यू, यू, व्ही, एक्स, वाय ही तेरा ५०० ची; ए, सी, ई, झेड ४४४ ची; आय, जे, एल, टी २७८ ची; एफ आणि आर ३३३ ची; एस, एम, डब्ल्यू प्रत्येकी स्वतंत्र. एकेका गटातलं एक अक्षर नीट मोजायचं, बाकीची त्याच्याशी ताडून बघायची.

कोष्टक इंचाच्या १२० व्या भागांत लिहायचं असेल तर पूर्णांकात बसवताना सावध राहा. १२ पॉइंटचा आय होतो ५.५६ भाग, तुम्ही लिहिणार ६. एम १५.५६, लिहिणार १६. आर ६.६६, लिहिणार ७. डब्ल्यू सोडला तर टाइम्सची सगळी छोटी अक्षरं एक तर बिनचूक बसतात किंवा वरच ढकलली जातात. साठ अक्षरांच्या ओळीत ही बारीक बारीक वाढ साधारण दोन मिलिमीटरपर्यंत जाते, आणि प्रोग्राम प्रत्येक ओळ खऱ्यापेक्षा लांब समजायला लागतो. प्रोग्राम दर शब्दाला प्रिंटरला नेमकी आडवी जागा सांगत असेल तर चूक शब्दापुरतीच राहते. तसं नसेल तर टी किंवा आय मुद्दाम एकाने कमी लिहून ओळीची सरासरी जुळवायची. गणिताला हे पटणार नाही, कागदाला पटतं.

ठळक अक्षरांना वेगळं कोष्टक लागतं, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. टाइम्स बोल्डचा एम ८३३, एन ५५६, टी ३३३. वरचा ‘कॉमन’ शब्द बोल्ड केला की दोन पॉइंटांनी लांबतो. परिच्छेदात चार शब्द ठळक केले आणि नेमक्या त्याच ओळी बाहेर आल्या, तर कारण हे. (डेझीव्हीलला ही भानगड नाही, तिथे तेच अक्षर किंचित सरकवून पुन्हा ठोकतात.)

अधोरेखनाचं दुखणं वेगळं. काही साध्या ड्रायव्हरांमध्ये ओळ एकदा छापून झाली की प्रोग्राम परत डाव्या कडेला जातो आणि स्पेस टाकत टाकत योग्य जागी येऊन खालच्या रेघा छापतो. प्रपोर्शनलमध्ये स्पेस अरुंद असल्याने रेघ भलत्याच शब्दाखाली जाते. प्रिंटरचंच अधोरेखन वापरा: एप्सनला २७, ४५, १ चालू आणि २७, ४५, ० बंद.

तक्त्यांसाठी एकच नियम: स्पेसबारला हात लावायचा नाही. रकाने टॅबने, आणि तेही ५ सारख्या आवृत्तीत जिथे टॅब म्हणजे कागदावरची ठरलेली जागा असते. ४ किंवा ३ मध्ये टॅब दाबला तरी छापताना बऱ्याचदा स्पेसच जातात, तेव्हा तिथे तक्त्यापुरतं कुरियरवर परत या. पानात दोन फॉन्ट दिसले तरी रकाने उभे राहतील. नुसती आकड्यांची एक उतरंड असेल तर मात्र पळवाट आहे. टाइम्समध्ये ० ते ९ सगळे आकडे ५०० रुंदीचे आणि स्पेस बरोबर २५०. म्हणून डावीकडे जितके आकडे कमी, तितक्या दुप्पट स्पेस द्यायच्या. स्वल्पविराम आणि दशांश बिंदूही २५० चेच, त्यांच्या जागी एकेक. जस्टिफिकेशन बंद असेल तर एककाखाली एकक चोख बसतं. सगळ्या फॉन्टांत असं प्रमाण नसतं, तेव्हा आधी एक ओळ छापून बघा.

राहिली ओळींमधली जागा. मूळ डॉट-एल-एच ८ म्हणजे ४८ पैकी ८ भाग, इंचाला सहा ओळी, अर्थात १२ पॉइंटचा फॉन्ट बरोबर १२ पॉइंटच्या ओळीत. कुरियर त्यात मोकळं दिसतं, कारण ते आडवं ऐसपैस आहे. टाइम्सच्या नव्वद अक्षरी ओळी मात्र तेवढ्या जागेत गुदमरतात आणि वाचताना ओळ चुकते. डॉट-एल-एच ९ करा, साडेतेरा पॉइंट मिळतात, पान लगेच श्वास घेतं.

वर्डपरफेक्ट या दुसऱ्या वर्ड प्रोसेसरवाल्यांनीही विचारलंय म्हणून दोन ओळी. ४.२ मध्ये पिचच्या आकड्यापुढे तारा द्यायचा, १३ आणि तारा असं. तो तारा म्हणजेच प्रपोर्शनल. ५.१ मध्ये शिफ्ट-एफ७ मधून प्रिंटर निवडला की रुंद्यांसकट फाइल तयार होते, कंट्रोल-एफ८ मधून बेस फॉन्ट घ्यायचा, आणि कोष्टक दुरुस्त करायचं असेल तर पीटीआर हा वेगळा प्रोग्राम. या बाबतीत तो वर्डस्टारच्या पुढे होता, हे मान्य करायला हवं.

आणि खरा जुना प्रिंटर हाताशी नसेल तर: डॉसबॉक्स-एक्स या डॉस एम्युलेटरमध्ये आभासी एप्सन आहे, पण मी लेझरजेटचा ड्रायव्हर लावून छपाई फाइलमध्ये घेतो आणि ती फाइल घोस्टपीसीएल या पीसीएल वाचणाऱ्या प्रोग्रामने पीडीएफ करतो. तिथले फॉन्ट पर्यायी असतात, तेव्हा चाळीस अक्षरांची ती रेघांमधली चाचणी आधी त्याच मार्गाने काढून घ्या. मोजमापं जुळली तरच कड जुळेल.